बिनतेलाची जीभ

निलंग्याच्या बाजारात दोन महिने एकच वाक्य फिरत होतं : विरूपाक्षअप्पाच्या सुनेनं म्हाताऱ्याला उपाशी मारायला घेतलंय. ती सून मी, मंजुश्री. ज्यांनी ज्यांनी ते वाक्य पुढं ढकललं, त्या सगळ्यांची नावं मला माहीत आहेत. इथं सांगत नाही, कारण त्यातले निम्मे आजही आमच्याच घाण्यावर करडई घेऊन येतात आणि तेल निघालं की माझ्या तोंडाकडं बघत उभे राहतात. का बघतात, तेच सांगायचंय.

आमचं घर घाण्याचं. बैल जाऊन मोटर आली त्याला पंचवीस वर्षं झाली, पण लाकडी उखळ तेच आहे आणि माझे सासरे, विरूपाक्षअप्पा, तेच आहेत. त्यांची एक पद्धत. घाणा उतरला की पहिली धार डाव्या तळहातावर घ्यायची. चुळकाभर. वास घ्यायचा, चाटायची, डोळे मिटायचे. मग नाकातून एकच आवाज काढायचा, “हं.” तो हं आला की गिऱ्हाईक डब्याचं झाकण लावणार. आला नाही, तर अप्पा म्हणणार, “थांबा.” एवढ्या दोन शब्दांवर आमच्या घराची इज्जत पन्नास वर्षं उभी आहे. निलंग्यात तेलाची दुकानं लई आहेत. हं एकच होता.

आणि घरात तेल पाण्यासारखं. भाकरी कुस्करली की वर तेल, चटणीत खड्डा करून तेल, वरणावर तेल. पाहुणा जेवायला बसला की अप्पा स्वतः तांब्या घेऊन उठायचे. पाहुण्यानं ताटावर हात आडवा घातल्याशिवाय धार थांबवायची नाही, हा आमच्या घराचा कायदा. लाजाळू पाहुण्याचं ताट तर अक्षरशः तरंगायचं.

शिवरात्रीनंतरच्या सोमवारी अप्पांच्या छातीत कळ आली. लातूरला नेलं, दोन स्टेंट टाकले. घरी सोडताना डॉक्टर मला आणि माझ्या नवऱ्याला, रुद्रेशला, बाजूला घेऊन म्हणाले, “वरून तेल पूर्ण बंद. दोन महिन्यांनी रक्त तपासू. कोलेस्टेरॉलचा आकडा उतरला तर उत्तम. नाही उतरला तर पुढचा रस्ता बायपासचा. एकाहत्तर वय, फुप्फुसं अशी. ते ऑपरेशन यांना झेपेल असं मला वाटत नाही.”

आकडा उतरवायचा होता, नाहीतर माणूस जाणार होता, इतकी सरळ गोष्ट. त्यात राजकारण करायला कुठं जागा होती? पण केलंच लोकांनी.

आहाराच्या मॅडमनी एक छापील कागद दिला. त्यावर पहिलंच नाव, बिनतेलाचा थंड पास्ता आणि भाज्यांचं सॅलड. खाली यादी : ब्रोकोली, सेलरी, लेट्यूस. माझं डोकं फिरलं.

“मॅडम,” मी म्हणाले, “तुम्ही निलंग्याच्या मंडईत कधी आलाव का? तिथं मेथी मिळते, मुळा मिळतो, शेवगा मिळतो. ब्रोकोली आणायची तर मला रोज लातूरची यष्टी धरावी लागंल. हा कागद कुणासाठी छापलाय?”

रुद्रेश माझा पदर ओढायला लागला. मॅडम मात्र चिडल्या नाहीत. त्यांनी पेन काढलं आणि आख्ख्या यादीवर काट मारली. “ताई, नावं सोडा. गव्हाचं काहीतरी, मैदा नको. कच्च्या आणि वाफवलेल्या भाज्या भरपूर. तेलाचा थेंब नको. आणि त्यांना आवडलं पाहिजे, नाहीतर ते दोन दिवसांत सोडतील. हे तुम्हीच जमवू शकता, मी नाही.”

डिग्रीवाल्या माणसानं मला असं म्हणण्याची ती माझ्या आयुष्यातली पहिली वेळ. मी कागद घडी करून ठेवून दिला.

घरी आले आणि हरले. बिनतेलाचं वरण केलं, अप्पांनी ताट सरकवलं. “बेड.” आमच्याकडं सीमेमुळं कानडी मिसळलेलं आहे. अप्पा रागावले की कानडीत जातात. बेड म्हणजे नको. कोरडी चटणी, बेड. उकडलेली भाजी, बेड. बारा दिवसांत म्हातारा पाच किलो उतरला. आकडा उतरवायचा तर माणूसच उतरायला लागला. डॉक्टरनं तेल बंद करायला सांगितलं होतं, जेवण नव्हे.

मग रुद्रेशकडून लातूरहून पास्त्याचं पाकीट मागवलं. पिळाचे तुकडे, स्क्रूसारखे. शिजवले, तेल नाही म्हणून चिकटले, धुतले, काकडी-टोमॅटो घातलं. अप्पांनी एक तुकडा तोंडात घातला, बराच वेळ चावला आणि ताटाच्या कडेला काढून ठेवला.

“पोरी, सायकलची ट्यूब कापलीस का ग?”

शेजारी सासूबाई, पार्वतम्मा, आमची अव्वा, पाकीट हातात घेऊन बसली होती. तिला वाचता येत नाही. तिनं पाकिटावरचं चित्र निरखलं. मग एक तुकडा उचलला, नखानं दाबला, नाकाला लावला.

“हे तर सरगुंडं हाय,” ती म्हणाली. “आन् ते बी बिघडलेलं.”

 सरगुंडं! रव्याची कणीक बारीक वळून काडीभोवती पिळानं गुंडाळायची, काडी काढून घ्यायची, सावलीत वाळवायची. आमच्या निम्म्या गावाच्या लग्नात रुखवतावर अव्वाच्या हातची सरगुंडी मांडलेली आहेत. कंपनीनं चकचकीत पाकिटात घालून मला जे दिलं, ते माझी अंगठेबहाद्दर सासू चाळीस उन्हाळे माळवदावर वाळवत होती. आणि मी, तिची सून, लातूरला माणूस पाठवला! त्या दिवशी मला लाज वाटली आणि लाजेपेक्षा जास्त राग आला. माझ्याच डोक्याचा.

“अव्वा, डबा कुठाय?”

“कशाला?”

“शिजवायचं. भाज्या, दही, मीठ घालून.”

अव्वानं पाकीट खाली आपटलं. “सरगुंड्याला मीठ? ते गुळवणीत खायचं असतंय, वर तुपाची धार घालून. आमच्या सात पिढ्यांत कुणी सरगुंड्याला मीठ लावलं न्हाई. मेल्यावर मला तोंड दाखवायचंय माणसांना.”

“तुमच्या आधी अप्पा जायले, अव्वा.”

हे मी बोलले. बोलायला नको होतं असं आजही म्हणणार नाही. अव्वा माझ्याकडं बघत राहिली, मग अप्पांच्या मनगटाकडं, जिथं घड्याळ आता कोपरापर्यंत घसरत होतं. उठली आणि डबा आणून माझ्यासमोर ठेवला.

“घाल मीठ. पर ही न्हाई चालायची. वळताना मी बोटाला तेल लावते.”

“मग नवीन करू. बिनतेलाची.”

बिनतेलाची सरगुंडी वळणं म्हणजे काय ते करून बघा. कणीक बोटाला चिकटते, काडीला चिकटते, काडी ओढली की पीळ फाटतो. पहिल्या दिवशी दोघींनी मिळून बन्सी गव्हाच्या रव्याचा नुसता चिखल केला. अव्वानं मला, डॉक्टरला, मॅडमला आणि गव्हाला शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी तिनंच तोड काढली. कणीक घट्ट मळली, ओल्या फडक्यात दोन तास दाबून ठेवली आणि बोटाला तांदळाची पिठी लावून वळली. काडी सुळकन निघाली. अव्वानं ते सरगुंडं उजेडाकडं धरलं. आरपार दिसत होतं.

“बग,” ती म्हणाली. “हाय का कंपनीची हिंमत?”

पुढचं माझं. पाणी खळखळ उकळलं की मीठ टाकून सरगुंडी सोडायची, दात लागेल इतपतच शिजवायची. लगेच चाळणीत ओतून माठाचं गार पाणी मारायचं आणि धुवट फडक्यावर मोकळी पसरायची. तेलाचं काम पाण्यानं होतं, फक्त वेळेवर व्हायला लागतं. दही रात्रीच फडक्यात टांगलेलं. त्या चक्क्यात चुलीत भाजलेला लसूण, हिरवी मिरची, भाजल्या जिऱ्याची पूड, मीठ, लिंबू. भाज्यांसाठी मला ब्रोकोली लागली नाही. आमच्याकडं घोळाणा करतात, कच्ची मेथी, पातीचा कांदा, मुळा बारीक चिरून. तोच घोळाणा, त्यावरचं कच्चं तेल तेवढं वजा. त्यात काकडी, गाजर, मोड आलेले वाफवलेले हरभरे आणि वरून कैरीचा कीस. सगळं गार करून, जेवायच्या आधी अर्धा तास कालवायचं.

ताट पुढं ठेवलं. अप्पांनी हात लावला नाही.

“मला हे गवत घालायचं आन् मागं सैपाकघरात तुम्ही फोडण्या हाणायच्या. मला वास येत न्हाई का?”

खरं होतं. येत होता.

“अप्पा, आजपासून तुमच्या ताटात जे, ते माझ्या ताटात. तेलाचा थेंब माझ्या पोटात गेला तर मला या घरची सून म्हणू नका.”

“हप्ताभर टिकंल तुझी ऐट.”

“बगा टिकती का.”

मी त्यांच्यासमोर माझं ताट वाढून घेतलं आणि जेवायला लागले. घासामागून घास. त्यांनी बघितलं, मग एक सरगुंडं उचललं. चावलं. दुसरं उचललं. बेड म्हणाले नाहीत. चांगलं आहे असंही म्हणाले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “कैरी कमी हाय.” मी आत जाऊन भिंतीला टेकून हसले, कारण जो माणूस कैरी कमी आहे म्हणतो तो उद्याही जेवणार असतो.

माझी ऐट टिकली. औशाला बहिणीकडं डोहाळजेवण होतं, तिथं मी काकडी आणि भात खाऊन उठले. बहीण रुसली, तिची सासू मला नाटकी म्हणाली. म्हणू दे. पहिले पंधरा दिवस मला स्वप्नातसुद्धा फोडणी चुरचुरताना ऐकू यायची. नंतर एक विचित्र गोष्ट झाली. गाजर मला गोड लागायला लागलं. पाण्याला चव आली. माठाचं पाणी आणि नळाचं पाणी डोळे मिटून ओळखू यायला लागलं. मी कुणाला बोलले नाही. लोक आधीच मला येडी म्हणत होते.

त्यात संगप्पाकाका. अप्पांचे चुलतभाऊ, किराणा दुकान आहे, आणि दुसऱ्याच्या घरात काय शिजतं याची चौकशी हाच त्यांचा खरा धंदा. एका दुपारी ते जेवणाच्या वेळेलाच आले. ‘शरणार्थी’ असा नमस्कार घालून बसले आणि ताटात डोकावले.

“विरूपाक्षा, ही काय दशा रे! घाण्याचा मालक आन् ताटात दवाखाना? अरे, लग्नातली सरगुंडी दह्यात बुडवून खायलास? सुनबाई, सरळ इख तरी द्या म्हाताऱ्याला, लवकर सुटंल.”

“काका, तुम्हाला वाढू का?” मी विचारलं.

“मला? मी काय आजारी हाय?” त्यांनी खिशातून छोटी बाटली काढली. आमच्याच घाण्याचं करडईचं तेल. “जरा धार घालू दे. भावाचा हक्क हाय माझा.”

बाटली तिरकी झाली आणि अप्पांनी ताटावर हात आडवा घातला. तेल त्यांच्या पंजावर सांडलं. त्यांनी हात तसाच ठेवला, काकांनी बाटली सरळ करेपर्यंत. मग पंजा टॉवेलला पुसला आणि जेवायला लागले.  आयुष्यभर दुसऱ्यांना तेल वाढून थकवणाऱ्या माणसानं स्वतःच्या ताटावर हात आडवा घातलेला मी पहिल्यांदा बघितला. त्या रात्री अव्वा माझ्याजवळ येऊन बसली आणि तिनं माझ्या डोक्याला... तेल लावून दिलं. डोक्याला चालतं, ती म्हणाली.

दोन महिने झाले. आम्ही लातूरला गेलो, रक्त दिलं, रिपोर्ट आला. आकडा होता तिथंच.

मॅडमनी चष्मा काढला. “गोळ्या चालू असताना हे असं होत नाही. ताई, खरं सांगा. घरात तेल चालू आहे का?”

“न्हाई.”

“अप्पा?”

अप्पांनी गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवला. “थेंब खाल्ला न्हाई.”

अप्पा खोटं बोलत नाहीत. लिंगावर हात ठेवून तर नाहीच नाही.  डॉक्टरांनी एक महिना दिला. “तेवढा शेवटचा,” म्हणाले, “मग मला अँजिओग्राफी करून पुढचं ठरवावं लागेल.” परतीच्या यष्टीत अप्पा खिडकीकडं तोंड करून बसले. औसा गेलं, लामजना गेलं. मला रडू येत नव्हतं. मला कुणाचा तरी गळा धरायचा होता आणि कुणाचा ते कळत नव्हतं.

बाजारात दुसऱ्या दिवसापर्यंत बातमी पोचली. दीड महिना दही-सरगुंडी खाऊ घालून काय दिवे लावले, म्हणे. मी डबा भरला आणि अप्पा घरी जेवायला येण्याची वाट न बघता तडक घाण्यावर गेले. बायकांनी घाण्यावर जायचं नाही असं कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण एकोणीस वर्षं मी डबा उंबऱ्यावरच देऊन परतत आले होते. त्या दिवशी आत गेले.

घाणा नुकताच उतरत होता. गिऱ्हाईक उभं होतं. अप्पांनी डावा तळहात पुढं केला, चुळकाभर धार घेतली, वास घेतला, चाटली, डोळे मिटले.

“हं.”

माझ्या हातातला डबा मी खाली ठेवला.

“अप्पा, दिवसाला किती घाणे उतरतात?”

“सीझनला सात. कदी आठ. का ग?”

“आन् तुम्ही म्हणलाव थेंब खाल्ला न्हाई.”

त्यांना खरंच कळलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर चोरी नव्हती, नुसतं नवल होतं. “खाल्लं कुठं? तपासलं.”

आता हसायचं तर हसा. पण मीसुद्धा एकोणीस वर्षं याच घरात आहे. हे रोजचं मला माहीत होतं आणि दीड महिन्यात एकदाही माझ्या मनात आलं नाही. अव्वाच्या नाही, रुद्रेशच्या नाही. आमच्यासाठी ते खाणं नव्हतंच, ते काम होतं. मी बोटाला लागणारं तेल हिशेबात धरलं आणि आठ चुळके सोडून दिले.

“आजपासून तपासणं बंद, अप्पा.”

“मग घाणा बंद कर. लोक माझ्या जिभेवर येत्यात, मोटरवर न्हाई.”

“रुद्रेश तपासंल.”

“तंबाखू खाणाऱ्याच्या जिभेवर घाणा चालत न्हाई.” रुद्रेशबद्दल इतकं खरं वाक्य कुणी बोललेलं नाही.

“मग चाखून थुंका तरी!”

घाण्यावरच्या माना आमच्याकडं वळल्या. तिथं शेषेराव होते, बुजरुगवाडीचे शेतकरी, त्यांचा घाणा पुढचा होता. आणि अर्थातच संगप्पाकाका होते, पेंडीच्या पोत्यावर बसून. अप्पा हळू आवाजात म्हणाले, “पहिली धार परसाद असती. परसाद थुंकत न्हाईत. माझ्या बापानं थुंकला न्हाई, मी थुंकणार न्हाई.”

“मग मी तपासते.”

काका इतके हसले की पोतं हललं. “घ्या! सरगुंड्याला मीठ लावलं, आता घाण्याला सून लावा!”

अप्पा हसले नाहीत. रागावलेही नाहीत. फक्त म्हणाले, “ही काय सैपाकघरातली भाजी हाय का, मीठ बगायला?”

मी तिथून हलले नाही. तासाभरानं शेषेरावांचा घाणा उतरला. सोनेरी, स्वच्छ धार. अप्पांनी मुद्दाम माझ्याकडं बघत तळहात पुढं केला. वास, चाटणं, डोळे मिटणं. “हं.”

शेषेराव झाकण लावायला वाकले. मी पुढं झाले आणि डावा तळहात धारेखाली धरला. कुणी अडवायच्या आत तोंडात घेतलं.

पंचेचाळीस दिवसांनी तेल. आधी करडईचा तो गरम, गवताळ वास सगळ्या तोंडात पसरला आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं, इतकं चांगलं लागलं. मग ते मागं गेलं. घशाच्या वर, टाळूच्या शेवटाला, एक बारीकशी कडवट रेघ राहिली. जुन्या कपाटाच्या वासासारखी. मी पुन्हा बघितली. होती.

“थांबा,” मी म्हणाले.

तो शब्द त्या जागेत अप्पांशिवाय कुणी उच्चारला नव्हता. शेषेरावांचा हात झाकणावर तसाच राहिला.

“खवट हाय. लई न्हाई, पर हाय.”

“अग ए पोरी,” काका उठले, “अप्पानं हं म्हणलेलं तेल खवट म्हणायलीस? अक्कल हाय का?”

अप्पांनी परत चुळका घेतला. चाटला. डोळे मिटून बराच वेळ उभे राहिले. त्यांच्या कपाळावरची विभूती घामानं ओली झाली होती. डोळे उघडले तेव्हा मला दिसलं : त्यांना ती रेघ सापडली नव्हती.

“शेषेराव,” ते म्हणाले, “करडई औंदाची हाय नव्हं?”

“औंदाचीच की.”

“सगळी?”

शेषेराव डब्याच्या कडीशी चाळा करत राहिले. मग मान खाली घालून म्हणाले, “तळाला दोन पायल्या गेल्या सालची टाकली, अप्पा. घाण्याला भरती कमी पडायली होती. घरी खायलाच न्यायचंय म्हणलं, कुणाला इकायचं न्हाई. तुमाला फसवायचं न्हवतं.”

मोटर बंद होती. काका परत पोत्यावर बसले. मी अप्पांकडं बघू शकले नाही. मला जिंकायचं होतं, पण असं नव्हतं जिंकायचं. पन्नास वर्षांचा हं माझ्यामुळं पडला होता, तोही चार माणसांसमोर.

अप्पा स्टुलावर बसले. तळहात धोतराला पुसत राहिले.

“किती दिस झाले तुला तेल सोडून?”

“पंचेचाळीस.”

“माझी जीभ पन्नास वर्षं तेलात हाय,” ते म्हणाले. माझ्याशी नाही, उखळाशी बोलल्यासारखे. “तिला आता तेलच लागंना झालंय.”

मग मान वर केली आणि त्यांचा नेहमीचा, गिऱ्हाइकाला दरडावणारा आवाज आला.

“शेषेराव, तुमचं तेल हप्त्यात संपवा, ठेवू नका. पुढचा घाणा कुणाचा हाय? लावा. मंजुश्री बघंल.”

“विरूपाक्षा,” संगप्पाकाका म्हणाले, “बाई मानसाच्या जिभेवर घाणा?”

“तुझी लाव मग. ये. चाट आन् सांग कुठं खवट हाय.”

काका आले नाहीत.

बोलतानाही तो चुळका मी एका गालात धरून ठेवला होता. गिळला नव्हता. गिळला असता तर उद्या माझी जीभही अप्पांच्या जिभेच्या वाटेनं गेली असती, आणि दहा वर्षांनी माझ्यासाठी कुणी सरगुंडी वळली असती देव जाणे. मी दारापर्यंत गेले आणि बाहेर मातीत थुंकले. पदरानं तोंड पुसलं, माठातलं पाणी घेऊन चूळ भरली.

मागून काकांचा आवाज. “परसाद थुंकला! विरूपाक्षा, बगितलास? परसाद थुंकला तिनं!”

मी वळले. अप्पा माझ्याकडंच बघत होते. त्यांच्या बापाचं नाव, त्यांचं नाव, सगळं त्या मातीवर पडलेलं होतं. अव्वानं सरगुंड्याला मीठ लावू दिलं तेव्हा तिचा चेहरा असाच झाला होता.

“थुंकू दे,” अप्पा म्हणाले. “तिला उद्या बी तपासायचं हाय.”

त्या दिवसापासून घाण्याची पहिली धार माझ्या तळहातावर पडते. महिन्याभरानं लातूरला गेलो. आकडा निम्म्यावर आला होता. मॅडमनी विचारलं, काय बदललं? अप्पा म्हणाले, “काम बदललं.” मॅडमना काही कळलं नाही, पण त्यांनी माझ्याकडून सरगुंड्यांची कृती लिहून घेतली, सेलरी आणि लेट्यूसच्या जागी, मराठीत. बिलोलीहून, उदगीरहून पेशंट त्यांच्याकडं येतात. त्या कागदावर आता मेथी आहे, मुळा आहे, कैरी आहे. अव्वा सगळ्यांना सांगते की मीठ घालायची युक्ती मूळ तिचीच.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मी डबा उघडला. कालवून बराच वेळ झाला होता, दह्यानं थोडं पाणी सोडलं होतं. अप्पा पेंडीच्या पोत्यावर बसले, काकांच्या शेजारीच, मांडीवर ताटली घेऊन. मी वाढायला लागले. सरगुंडी, मेथी, हरभरे, कैरी. ताटली भरत आली तसा माझा हात थांबला.

“इन्नू हाकु,” अप्पा म्हणाले. अजून वाढ.

कानडीत ते फक्त रागावल्यावरच जातात असं मला एकोणीस वर्षं वाटत होतं. मी वाढत राहिले. त्यांनी हात आडवा घातला नाही.